राउटिंग टेबलची मेमरी भरली? रॅम घालण्याआधी नेमकं काय भरलंय ते शोधा

‘टेबल फुल झालं, रॅम वाढवा.’ लिनक्स राउटर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. अडचण अशी की ज्या ‘टेबल’कडे बोट दाखवलं जातं ते बहुतेक वेळा राउटिंग टेबल नसतंच. कर्नलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं, राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कोणती वाट याची यादी), शेजारच्या मशिनांचं एआरपी टेबल (आयपी पत्त्याला हार्डवेअरचा पत्ता जोडणारं), कनेक्शन ट्रॅकिंग (चालू कनेक्शनांची नोंद), आयपीव्ही६ची एक जुनी मर्यादा आणि बीजीपी (नेटवर्कं एकमेकांना राउट कळवतात तो प्रोटोकॉल) चालवणाऱ्या प्रोग्रामची स्वतःची मेमरी, ही पाच खाती निरनिराळी आहेत. यांपैकी तिघांचं रॅमशी फारसं देणंघेणं नाही. तिथे एक आकडा आधीच ठरवून ठेवलेला असतो, आणि तो गाठला की ६४ जीबीची मशिनही नकार देते. नवी रॅम घालून, मशिन चालू करून, दुसऱ्या दिवशी तोच एरर पाहण्याची वेळ येते ती यामुळेच.

पुढची सगळी मांडणी एका ठरावीक सेटअपला धरून आहे: नागपुरात धरमपेठ किंवा वर्धमाननगरातल्या एखाद्या लहान आयएसपीचा (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा) एक डेबियन सर्व्हर, त्यावर बर्ड किंवा एफआरआर (बीजीपी चालवणारे प्रोग्राम), ८ जीबी रॅम आणि दोन अपस्ट्रीम (आपल्याला इंटरनेट देणारे पुरवठादार), एक मुंबईहून, एक हैदराबादहून. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थात नेहमीच्याच अक्षरांत टाइप करायच्या.

रीस्टार्टच्या आधीची पाच मिनिटं

फोन वाजत असतात, ग्राहक ओरडत असतात, आणि हात आपोआप रीबूटकडे जातो. रीबूट केलं की लिंक येते, पण पुरावा जातो. म्हणून आधी एवढं फाइलमध्ये टाका: ‘डीमेसेज -टी’, ‘/प्रॉक/मेमइन्फो’, ‘/प्रॉक/स्लॅबइन्फो’, ‘/प्रॉक/नेट/फिब_ट्रायस्टॅट’, ‘आयपी नेबर शो’, आणि बीजीपीडी (एफआरआरमधला बीजीपीचा प्रोग्राम) किंवा बर्डच्या प्रोसेसची ‘/प्रॉक/पीआयडी/स्टेटस’. एका छोट्या स्क्रिप्टमध्ये हे सगळं बसतं. ती स्क्रिप्ट आजच लिहून ठेवा, कारण गडबडीत अर्ध्या कमांड आठवत नाहीत. ‘आयपी राउट शो’ मात्र त्यात घालू नका. फुल टेबल, म्हणजे सगळ्या इंटरनेटचे राउट, असेल तर ते दहा लाख ओळी ओकत बसेल, आणि आधीच दमलेल्या मशिनवर ते ओझं नको.

मग कर्नलचे मेसेज वाचा. निदानाचं निम्मं काम तिथेच होतं.

‘नेबर टेबल ओव्हरफ्लो’ दिसलं तर प्रश्न एआरपीचा आहे. आयपीव्ही६ असेल तर त्याच ओळीत एआरपी कॅशऐवजी एनडिस्क कॅश असं नाव येतं. ‘एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ म्हणजे कनेक्शन ट्रॅकिंग. ‘राउट कॅश इज फुल, कन्सिडर इन्क्रीझिंग... मॅक्स साइझ’ ही आयपीव्ही६ची जुनी मर्यादा. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ आणि पुढे बीजीपीडी किंवा बर्ड, तर रॅम खरोखर संपली. याच ओळीच्या सुरुवातीला ‘मेमरी सीग्रुप’ हे शब्द असतील तर मशिनची रॅम संपलेली नाही. सिस्टमडीच्या युनिटमध्ये किंवा कंटेनरला कोणीतरी ‘मेमरीमॅक्स’ लावून ठेवलंय ते संपलंय. हा एक शब्द न वाचल्यामुळे लोकांनी अख्खे सर्व्हर बदलले आहेत.

ओओएमच्या, म्हणजे आउट ऑफ मेमरीच्या, नोंदीतल्या प्रोसेसच्या यादीत आरएसएसचा (प्रोसेसने प्रत्यक्ष घेतलेल्या रॅमचा) रकाना किलोबाइटमध्ये नसतो, पानांमध्ये असतो, आणि एक पान साधारण ४ केबीचं. तिथे ५,००,००० दिसलं तर ते जवळपास दोन जीबी होतात. शेवटच्या ‘किल्ड प्रोसेस’च्या ओळीत मात्र आकडा केबीमध्येच असतो.

रॅम नेमकी कुणी खाल्ली

‘फ्री -एम’मध्ये ‘फ्री’चा रकाना पाहून घाबरू नका, ‘अव्हेलेबल’ पाहा. लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशला वापरतं आणि मागितली की परत देतं. अव्हेलेबल खरंच कमी असेल तर ‘मेमइन्फो’तल्या तीन ओळी समोरासमोर ठेवा: अ‍ॅनॉनपेजेस, एसअनरिक्लेम आणि परसीपीयू. अ‍ॅनॉनपेजेस मोठं तर खाणारा एखादा प्रोग्राम आहे, म्हणजे बहुधा बीजीपीचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम). एसअनरिक्लेम मोठं तर कर्नल स्वतः खातंय. परसीपीयूकडे कोणी पाहत नाही, पण जास्त कोअरच्या मशिनवर आयपीव्ही६चे राउट वाढले की ही ओळही फुगते, कारण राउटच्या नोंदीबरोबर प्रत्येक कोअरसाठी थोडी जागा राखली जाते.

कर्नल खातंय असं दिसलं तर ‘स्लॅबटॉप -ओ -एस सी’ चालवा. वरच्या ओळींत ‘आयपी_फिब_एलियस’ आणि ‘आयपी_फिब_ट्राय’ असतील तर आयपीव्ही४चे राउट, ‘फिब६_नोड्स’ असेल तर आयपीव्ही६चे, ‘एनएफ_कॉनट्रॅक’ असेल तर नॅटची (अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवणाऱ्या सोयीची) कनेक्शनं. आता ‘फिब_ट्रायस्टॅट’ उघडा. ‘मेन’ विभागात ‘प्रीफिक्सेस’ म्हणजे किती राउट आणि ‘टोटल साइझ’ म्हणजे राउट साठवणाऱ्या झाडाने (ट्रायने) किती केबी घेतले, दोन्ही तयार मिळतं. आजचं आयपीव्ही४चं जागतिक टेबल दहा लाखांच्या आसपास आहे, आयपीव्ही६चं दोन लाखांवर. दहा लाख राउटना कर्नलमध्ये शे-दोनशे एमबीच्या घरात जागा लागते, त्यापेक्षा फार जास्त नाही. म्हणजे ८ जीबीच्या मशिनवर कर्नलचं राउटिंग टेबल हे रॅम संपण्याचं कारण सहसा नसतं. ते कारण निघालंच तर दोन शक्यता तपासा.

पहिली, एकच टेबल दोनदा भरलेलं असणं. पॉलिसी राउटिंगसाठी किंवा व्हीआरएफसाठी (एकाच राउटरचे वेगळे भाग करण्यासाठी) वेगळी टेबलं केली आणि दोन्हींत फुल फीड (अपस्ट्रीमकडून येणारं फुल टेबल) सोडला की हिशेब सरळ दुप्पट होतो. दुसरी, मेलेल्या डीमनची शिल्लक. बीजीपी बंद पडलं तरी त्याने कर्नलमध्ये टाकलेले राउट काही सेटिंगमध्ये तसेच राहतात. बर्डमध्ये ‘पर्सिस्ट’ लावलेलं असलं की हे होतं. नंतर कोणी बर्ड काढून एफआरआर बसवलं तर जुने राउट कुणाच्याच मालकीचे नसतात. ‘आयपी राउट शो टेबल ऑल प्रोटो बर्ड | डब्ल्यूसी -एल’ करून मोजा. बर्ड चालू नसताना आकडा शून्याच्या वर असेल तर ‘फ्लश’ करायचे, पण रात्री दोनच्या पुढे आणि डिफॉल्ट राउट दुसरीकडून येतोय याची खात्री करूनच. दूरच्या पॉपवर (नेटवर्कच्या ठाण्यावर) एसएसएचने बसून हे करणाऱ्याची लिंक गेली तर त्याला नंतर बुटीबोरीपर्यंत गाडी काढावी लागते.

एक जुनं भूत अजूनही फिरतं. आयपीव्ही४ची ‘राउट कॅश’ लिनक्स ३.६मध्ये, २०१२ साली, काढून टाकली गेली. ‘नेट.आयपीव्ही४.राउट.मॅक्स_साइझ’ वाढवा असा सल्ला कुठे वाचला तर तो त्याआधीच्या काळचा समजा. आजच्या कर्नलवर त्याने काही बदलत नाही. मायक्रोटिकच्या राउटरओएस ६मध्ये मात्र जुनं कर्नल असल्यामुळे कॅश आहे, ७मध्ये नाही.

आयपीव्ही६ची मर्यादा: हजार नव्हे, चार हजार शहाण्णव

आयपीव्ही६मध्ये तशीच एक मर्यादा बरीच वर्षं टिकली. ‘नेट.आयपीव्ही६.राउट.मॅक्स_साइझ’चं मूळ मूल्य ४०९६ होतं आणि ही तपासणी कर्नल ६.३मध्ये निघाली. त्याआधीच्या कर्नलवर रॅम ढीगभर मोकळी असते, राउट डोळ्यांना दिसत असतो, आणि तरी आयपीव्ही६ला मधूनच ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ येतं. थोड्या वेळाने आपोआप चालूही होतं, म्हणून हा बिघाड पकडायला अवघड.

तपासण्यासाठी ‘/प्रॉक/नेट/आरटी६_स्टॅट्स’ वाचा. एका ओळीत सात आकडे येतात. सहावा आपल्या कामाचा. हे आकडे षोडशमान पद्धतीत आहेत हे विसरू नका. सहाव्या जागी १००० दिसलं तर ते हजार नाही, बरोबर ४०९६ आहे. मर्यादा गाठली गेली आहे. उपाय साधा: मूल्य १०,४८,५७६ करा, ‘/ईटीसी/सिसीटीएल.डी’मधल्या फाइलमध्ये लिहा, आणि सवड मिळेल तेव्हा कर्नल नवं करा.

एआरपी टेबल: खरा गुन्हेगार बहुधा इथेच

नेबर टेबलच्या तीन पायऱ्या असतात: जीसी_थ्रेश१ १२८, जीसी_थ्रेश२ ५१२ आणि जीसी_थ्रेश३ १०२४. पहिलीच्या खाली साफसफाई होत नाही. दुसरीच्या वर पाच सेकंदांपेक्षा जुन्या नोंदी काढायला सुरुवात होते. तिसरी ही भिंत: तिच्यापुढे नवीन शेजाऱ्याला जागा नाही, म्हणजे त्याच्याकडे जाणारं पॅकेटही नाही. महाल, इतवारी, गांधीबाग मिळून एकच सपाट /२० नेटवर्क पसरून ठेवलं असेल तर त्यात ४०९४ पत्ते मावतात. १०२४ची भिंत तिथे संध्याकाळी आठला आदळणारच. कंटेनर चालवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं की ही भिंत मशिनभर एकच आहे. सगळ्या इंटरफेसच्या आणि सगळ्या नेमस्पेसच्या नोंदी एकत्र मोजल्या जातात.

आकडे वाढवायचे तर ४०९६, ८१९२, १६३८४ असे ठेवा. सोळा हजार नोंदींनाही जेमतेम काही एमबी लागतात, तिथे कंजुषी नको. आयपीव्ही६साठी हेच तीन आकडे वेगळ्या शाखेत आहेत, तेही बदला.

पण थांबा. आकडे वाढवण्याआधी नोंदी कुठून आल्या ते बघायलाच हवं. ‘आयपी नेबर शो नड फेल्ड | डब्ल्यूसी -एल’ चालवा आणि एकूण आकड्याशी ताडून पाहा. फेल्ड आणि इनकम्प्लीट (उत्तर न आलेल्या) नोंदी निम्म्याहून जास्त असतील तर तुमचे ग्राहक वाढलेले नाहीत. बाहेरून कोणीतरी तुमचा ब्लॉक स्कॅन करतंय आणि राउटर रिकाम्या पत्त्यांना हाका मारत बसलाय. अशा वेळी वापरात नसलेल्या पट्ट्यांना ब्लॅकहोल राउट (पॅकेट तिथेच टाकून देणारा) लावणं हा खरा उपाय. आयपीव्ही६मध्ये /६४चा पसारा एवढा असतो की कुठलीही भिंत स्कॅनसमोर टिकत नाही.

आणि यादीत गूगलचे, फेसबुकचे, जगभरचे पत्ते तुमच्याच इंटरफेसवर शेजारी म्हणून दिसले तर? मग कोणीतरी डिफॉल्ट राउट गेटवे न देता नुसता इंटरफेसवर टाकलाय. राउटरला वाटतं की सगळं इंटरनेट त्याच केबलवर बसलंय, आणि तो प्रत्येक पत्त्यासाठी एआरपी विचारतो. समोरचा राउटर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्यांच्या वतीने उत्तर) देत असेल तर हे चालतंही, महिनोन्‌महिने, ट्रॅफिक वाढेपर्यंत. ‘व्हाया’ आणि गेटवेचा पत्ता घातला की नोंदी हजारांवरून दोन-चारवर येतात. या बिघाडात थ्रेश वाढवणं म्हणजे गळक्या नळाखाली मोठी बादली.

कनेक्शन ट्रॅकिंग

थोडक्यात. ‘एनएफ_कॉनट्रॅक_काउंट’ आणि ‘एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्स’ शेजारी ठेवा. जवळ आले असतील तर मॅक्स वाढवा, त्याबरोबर बकेटही (नोंदी शोधायचे कप्पे) वाढवा, आणि जुळलेल्या टीसीपी कनेक्शनचा टाइमआउट पाहा: मूळ मूल्य ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस. घरगुती ग्राहकांच्या नॅटवर दोन तास, ७२००, पुरतात. ज्या राउटरवर नॅट नाही, फायरवॉलचे स्टेटफुल नियम नाहीत, नुसतं ट्रान्झिट (दुसऱ्यांचं ट्रॅफिक पुढे नेणं) आहे, तिथे ट्रॅकिंगच नको. फायरवॉलच्या रॉ टेबलमध्ये नोट्रॅक लावा.

डीमनची मेमरी: इथे वेळ द्या

रॅम खरोखर संपली असेल तर दहापैकी नऊ वेळा ती बीजीपीच्या डीमनने घेतलेली असते. कर्नल प्रत्येक पत्त्यासाठी एकच निवडलेला राउट ठेवतं, डीमन प्रत्येक शेजाऱ्याकडून (इथे शेजारी म्हणजे बीजीपीने जोडलेला राउटर) आलेला प्रत्येक राउट ठेवतो. दोन फुल फीड असतील तर एफआरआरसाठी दीड-दोन जीबी धरूनच चाला, शांत दिवशी.

एफआरआरमध्ये ‘शो बीजीपी समरी’च्या वरच्या ओळींत रिब (डीमनचं स्वतःचं राउट टेबल) एंट्री किती आणि त्यांना किती मेमरी ते लिहिलेलं असतं. बर्डमध्ये ‘शो मेमरी’ राउटिंग टेबल आणि राउटचे अ‍ॅट्रिब्यूट वेगवेगळे दाखवतं. आता कॉन्फिगमध्ये ‘सॉफ्ट-रीकॉन्फिगरेशन इनबाउंड’ शोधा. ही ओळ असेल तर शेजाऱ्याने पाठवलेलं सगळं, फिल्टरने नाकारलेलंसुद्धा, जसंच्या तसं साठवलं जातं. म्हणजे मेमरी वाचवायला फिल्टर लावला, कर्नलमधले राउट दहा लाखांवरून पन्नास हजारांवर आले, आणि बीजीपीडी जागचा हलला नाही, असं होतं. बर्डमध्ये हेच काम ‘इम्पोर्ट कीप फिल्टर्ड’ आणि ‘इम्पोर्ट टेबल’ करतात. राउट रिफ्रेशची (शेजाऱ्याकडून राउट पुन्हा मागवायची) सोय आरएफसी २९१८ने २०००मध्येच आणली आणि आज जवळपास प्रत्येक शेजारी ती देतो. त्यामुळे या ओळी डीबगिंग संपलं की काढून टाकाव्यात. काढल्या नाहीत तर त्या वर्षानुवर्षं राहतात.

त्याच समरीत ‘आउटक्यू’चा रकाना बघा. एखाद्या शेजाऱ्यासमोर तो सतत शून्याच्या वर असेल तर तो शेजारी हळू आहे आणि त्याला द्यायचे अपडेट तुमच्या रॅममध्ये रांग लावून उभे आहेत. कमजोर राउटर असलेल्या डाउनस्ट्रीम ग्राहकाला फुल टेबल दिलं की हे हमखास. त्याला डिफॉल्ट द्या, दोघंही सुखी.

मेमरी चढते आणि उतरत नाही, म्हणजे लीकच, असंही नाही. दहा लाख राउट गेले तरी प्रोसेसची आरएसएस बऱ्याचदा तेवढीच राहते, कारण मोकळे झालेले तुकडे अ‍ॅलोकेटर स्वतःकडे ठेवतो. एफआरआरचं ‘शो मेमरी’ किती वापरात आणि किती मोकळं ते सांगतं. फरक ओळखायची खूण अशी: तुकडेबाजी एका उंचीला जाऊन थांबते. लीक थांबत नाही. राउटची संख्या स्थिर असताना आरएसएस रोज थोडी चढत राहते. त्यासाठी क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी आरएसएस, राउटची संख्या, मेमअव्हेलेबल आणि नेबरची संख्या एका ओळीत लिहीत जा. आठवडाभराच्या नोंदीवरून जे कळतं ते एका वेळच्या पाहणीतून कळत नाही. लीक निघालाच तर आवृत्ती बदलणं हाच मार्ग.

जेसीबी आणि दुसरा झटका

नागपुरात सिमेंट रोडचं खोदकाम चालू असलं की फायबर तुटणं नवीन नाही. समजा वर्धा रोडवर जेसीबी लागला आणि मुंबईची लिंक गेली. तेव्हा काही होत नाही, हैदराबाद सगळं उचलतं. चार तासांनी स्प्लाइस होऊन लिंक येते आणि मशिन तेव्हा मरते. कारण सेशन उभं राहताच दहा लाख राउट काही मिनिटांत ओतले जातात, जुन्या-नव्या नोंदी काही काळ एकत्र असतात, आणि मेमरीची गरज नेहमीच्या बरीच वर उसळते. त्यात स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्क वापरणं) लावलेला असेल तर आणखी वाईट: डीमन डिस्कवर गेला की कीपअलाइव्ह (‘मी जिवंत आहे’ हे संदेश) वेळेवर जात नाहीत, शेजाऱ्याचा होल्ड टायमर संपतो, सेशन पुन्हा पडतं, पुन्हा दहा लाख. हे चक्र तासभर चालू शकतं. म्हणून राउटरवर डीमनसाठी स्वॅप नको. ‘ओओएमस्कोअरअ‍ॅडजस्ट’ उणे ८०० ठेवून डीमनला वाचवता येतं, पण मग कर्नल दुसरा कोणीतरी बळी शोधेल एवढंच.

याच वेळी ‘नो बफर स्पेस अव्हेलेबल’ दिसलं, किंवा बर्डच्या लॉगमध्ये कर्नलने नेटलिंकचे मेसेज गाळल्याची नोंद आली, तर रॅमला हात लावू नका. कर्नल आणि डीमन यांच्यामधला सॉकेट बफर लहान पडलाय. ‘नेट.कोअर.आरमेम_मॅक्स’ मुळात २,१२,९९२ बाइट असतो. तो १६ एमबीच्या पुढे न्या आणि झेब्राला (एफआरआरमधला कर्नलला राउट देणारा प्रोग्राम) नेटलिंक बफरचा पर्यायही मोठा द्या. नाहीतर डीमनला वाटतं राउट टाकला गेला, कर्नलमध्ये तो नसतो, आणि तुम्ही दिवसभर ट्रेसराउट करत बसता.

फुल टेबल लागतंच का?

दोन अपस्ट्रीमच्या आयएसपीला बहुतेक वेळा लागत नाही. दोघांकडून डिफॉल्ट आणि त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांचे राउट मागा. अपस्ट्रीम ते त्यांच्याच बाजूने पाठवतात आणि तुमचं टेबल काही हजारांत येतं. ते जमत नसेल तर एएस पाथची लांबी (वाटेत लागणाऱ्या नेटवर्कांची संख्या) तीनपेक्षा जास्त असलेले राउट नाकारा आणि डिफॉल्ट ठेवा. डिफॉल्ट न ठेवता /२४ गाळू नका. जगाचा मोठा हिस्सा /२४मध्येच राहतो. कर्नलमध्ये जाणारे राउटच कमी करायचे असतील तर एफआरआरमध्ये ‘आयपी प्रोटोकॉल बीजीपी राउट-मॅप’, बर्डमध्ये कर्नल प्रोटोकॉलचा एक्सपोर्ट फिल्टर.

टेबल छाटलं की येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या होतात. ‘आरपी_फिल्टर’ (पॅकेट योग्य वाटेने आलं का ते तपासणारं सेटिंग) १वर असेल तर एका बाजूने आलेलं पॅकेट कारण न सांगता टाकलं जातं. तो २वर आणा.

प्रत्येक सेशनवर मॅक्झिमम-प्रीफिक्स (जास्तीत जास्त किती राउट घ्यायचे ती मर्यादा) लावा: पाचशे राउट देणाऱ्या शेजाऱ्याला सातशे, फुल फीडला सध्याच्या आकड्यापेक्षा पंचवीस टक्के जास्त. मर्यादा ओलांडली की एफआरआरमध्ये सेशन ‘आयडल’ होऊन प्रीफिक्सचा शेरा दाखवतं आणि हाताने क्लिअर करेपर्यंत तसंच राहतं; रीस्टार्टचा पर्याय दिला तर स्वतः उठतं. आकडा वर्षातून एकदा तपासा. १२ ऑगस्ट २०१४ला जागतिक टेबलने ५,१२,०००चा टप्पा ओलांडला तेव्हा जगभरच्या जुन्या सिस्को मशिनांची हार्डवेअर मेमरी संपली होती. तिथे वाटपाचा आकडा बदलून मशिन रीलोड करणं एवढंच हातात होतं.

मे महिन्यातली एक तपासणी

पारा ४५च्या पुढे गेला की रॅमच्या चुकाही वाढू शकतात, आणि डीमन सेगफॉल्टने पडला तर तो टेबल भरल्यासारखाच दिसतो. डीमेसेजमध्ये ‘एडॅक’ (कर्नलने नोंदवलेल्या रॅमच्या चुका) शोधा. एकाच स्टिकच्या नावे दुरुस्त झालेल्या चुका वाढत असतील तर ती बदला. ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम नसेल तर रात्रभर मेमटेस्ट लावा. आणि सर्व्हरच्या खोलीत डेझर्ट कुलर लावू नका, त्याची ओल कनेक्टर खाते.

सगळं झालं की खात्री करून घ्या. रात्री अडीचला डीमनच्या ‘/प्रॉक/पीआयडी/क्लिअर_रेफ्स’मध्ये ५ लिहा, म्हणजे मेमरीच्या सर्वोच्च पातळीची नोंद नव्याने सुरू होते. मग एक अपस्ट्रीम सेशन हाताने क्लिअर करा, पूर्ण टेबल परत येऊ द्या, दहा मिनिटं थांबा आणि ‘स्टेटस’मधला ‘व्हीएमएचडब्ल्यूएम’ वाचा. हा उसळीचा खरा आकडा. तो एकूण रॅमच्या साठ-सत्तर टक्क्यांत बसत असेल तर रॅम पुरेशी आहे. त्यापुढे असेल तर टेबल छाटा, आणि छाटणं शक्य नसेल तर रॅम घाला.